हुकावरचे टॉवेल

६ फेब्रुवारी

ती. आत्यास,
शि. सा. न. वि. वि.

फोनवर तू बरं बरं म्हणून दोन मिनिटांत ठेवून देतेस, म्हणून मुद्दाम पत्र. तुझ्या हॉटेलात जानेवारीभर टॉवेलांची मोजणी चालली होती ना, ती आमच्याच संस्थेची निघाली, आणि पुढचं सगळं काम माझ्या गळ्यात पडलंय! सरांनी विचारलं, तिथे ओळखीचं कोणी आहे का. मी ऐटीत सांगितलं की तिथल्या धुलाईखात्याची मुकादम माझी सख्खी आत्या आहे.

तू बाबांना नेहमी विचारतेस, ही वर्तनशास्त्रवाली दिवसभर करते तरी काय. तर माणसं जे करतात ते का करतात, आणि उपदेश न पाजता त्यांच्याकडून शहाणपणाचं काही कसं करून घ्यायचं, ते मी शोधते. आता निम्म्या मजल्यांवर साधं कार्ड लागेल: पृथ्वी वाचवा, टॉवेल पुन्हा वापरा. उरलेल्या मजल्यांवर लिहिलेलं असेल की या खोलीत राहून गेलेल्या बहुतेक पाहुण्यांनी निदान एकदा तरी टॉवेल पुन्हा वापरला. (थाप नाही, जानेवारीत तसंच निघालंय.) टॉवेल हुकाला टांगला तर तो ठेवायचा, खाली टाकला तर धुवायला न्यायचा. पाणी वाचेल, वीज वाचेल. आणि कानात सांगते, माझी नोकरी पक्की होणार की नाही, तेही याच अहवालावर ठरेल.

गुडघ्याला तेल लावतेस का? लोभ आहेच, तो तेवढा धुवायला टाकू नकोस.

तुझी,
बिट्टी

२५ फेब्रुवारी

चि. बिट्टीस,
अ. उ. आ.

एवढी पुस्तकं वाचून शेवटी आत्याच्याच टॉवेलांवर आलीस म्हणायची! लहानपणी तुला अंघोळ घालायची तर गल्लीभर पाठलाग करावा लागायचा. असो.

कार्डं लागली. पृथ्वीवाल्या कार्डांवर पाहुणे चहाचे कप ठेवतात. दुसऱ्या कार्डाने मात्र जादू केली बाई. रूमवाल्या सांगत होत्या, चौथ्या मजल्यावरचा एक जाडजूड पाहुणा खास बोलावून विचारत होता, आधीचे लोक टॉवेल किती दिवस वापरायचे? म्हणजे त्याला मागे पडायचं नव्हतं. मी हसून हसून बाकावर बसले.

मॅनेजरसाहेब परवा तळघरात उतरले होते. एरवी वाफेने चष्मा धुरकटतो म्हणून दारातूनच बोलतात. या वेळी आत आले, रोजच्या वजनांची वही चाळली, आम्हा अकरा जणींकडे एकदा नजर फिरवली आणि वर गेले.

दादाला म्हणावं, मीठ कमी खा. आमचं सगळं ठीक. तुझी आठवण येते, हे वेगळं लिहायला नको.

तुझी,
आत्या

१९ मार्च

ती. आत्यास,
शि. सा. न. वि. वि.

आधी गोड बातमी. एका दिवशी शंभरातले पस्तीस टॉवेल हुकाला असायचे, ते नव्या कार्डाच्या मजल्यांवर साठावर गेले. सरांनी सगळ्यांसमोर पाठ थोपटली. मी दिवसभर तरंगत होते.

मग वजनांची वही आली आणि धपकन खाली आले. धुलाईचं वजन एका किलोनेही उतरलेलं नाही! टॉवेल हुकाला आहेत, मग तुझ्या मशीनमध्ये काय धुतलं जातंय? सरांना वाटतंय की मी मोजणीत घोळ घातलाय. तुझा काटा बिघडलाय का, एवढं बघून कळव ना. माझी झोप उडालीय, आणि बाबा म्हणतात की वरण जास्त खा, झोप येईल.

वाट बघते. माया पातळ होऊ देऊ नकोस.

बिट्टी

२३ मार्च

चि. बिट्टीस,
अ. उ. आ.

काटा बरोबर आहे. हवा दमट आहे, टॉवेल जड होत असतील. जास्त विचार करू नकोस, केस गळतात. गुडघा बरा आहे.

आत्या

२८ मार्च

ती. आत्यास,
शि. सा. न. वि. वि.

पानभर मजकूर लिहिणारी माझी आत्या चार ओळी लिहिते, तेव्हा दाल में कुछ काला असतं एवढं कळायला शास्त्र लागत नाही. म्हणून मंगळवारी न सांगता येऊन गेले. तुला भेटले नाही, माफ कर.

सहाव्या मजल्यावर रूमवाली ढकलगाडी घेऊन आली. हुकावरचा टॉवेल कोरडा खडखडीत होता. तिने कागदावर ‘हुकाला’ अशी खूण केली, अगदी प्रामाणिकपणे, आणि मग तोच टॉवेल काढून धुण्याच्या पिशवीत कोंबला. मी कारण विचारलं तर म्हणाली, ताईंना विचारा. तिथे ताई कोणाला म्हणतात, ते मला माहीत आहे.

आत्या, मला हसू आलं, मग रागाने डोळ्यांत पाणी आलं. पुढच्या शुक्रवारी अहवाल द्यायचाय. अजून एक अक्षर लिहिलेलं नाही. आधी तू सांग.

बिट्टी

३१ मार्च

चि. बिट्टीस,
अ. उ. आ.

पकडलंस. बरं झालं. छातीवर ओझं होतं.

मॅनेजरसाहेब तळघरात उतरले होते ना, त्या दिवशी जिन्यात त्यांनी मला सांगितलं की वजन उतरलं की एवढ्या बायका कशाला, सर्वांत शेवटी आलेलीपासून कमी करू. शेवटी आलेली म्हणजे आमची इस्त्रीवाली. सात महिने झाले तिला. नवऱ्याचं घर सोडून आली, दोन महिने कोणाच्या तरी व्हरांड्यात निजली, आता कुठे स्वतःच्या खोलीची किल्ली गळ्यात घालून हिंडते. काम करतानाही काढत नाही. मी काय करणार होते? रूमवाल्यांना म्हटलं, खुणा खऱ्याच करा, माझ्या भाचीचं काम आहे. पण टॉवेल सगळे खाली आणा.

तुझ्या नोकरीचं तू लिहिलं होतंस, ते मी विसरले नव्हते. दोघींनाही सांभाळता येईल असं वाटलं, आणि दोन्हीकडे माती झाली. रोज स्वच्छ टॉवेल धुतले, बिट्टे. मशीनमधून नितळ पाणी गटारात जाताना बघायचे आणि मान फिरवायचे. चाळीस वर्षं धुतेय, पण असं लाजिरवाणं धुणं कधी धुतलं नव्हतं.

जे खरं ते लिही. माझं नाव घाल हवं तर.

आत्या

१२ एप्रिल

ती. आत्यास,
शि. सा. न. वि. वि.

खरं तेच लिहिलं. नाव कोणाचंच नाही घातलं, कारण पहिली चूक आमची होती. पाहुण्याच्या मनात काय चालतं, ते आम्ही तीन महिने खोदत बसलो. टॉवेल कमी झाले तर धुणारीचं काय होईल, हे एकानेही विचारलं नाही. सरांनी वाचलं आणि पेन्सिल चावायला लागले. मला वाटलं, झालं, गेली नोकरी. पण ते म्हणाले, चल, मॅनेजरकडे जाऊ.

मॅनेजरसाहेब आधी कबूलच होईनात. सर शांतपणे म्हणाले की बायकांना धास्ती आहे तोवर एक थेंबही वाचणार नाही, मग कार्डं सोन्याची लावा. मी विचारलं, दर महिन्याला फाटक्या चादरी पोत्यांनी फेकता, त्या शिवायला कोणी आहे का. बराच वेळ ताणाताणी झाली. शेवटी कागदावर सही झाली: वर्षभर एकीलाही कमी करायचं नाही, वाचलेल्या तासांत चादरी आणि उशांचे अभ्रे दुरुस्त करायचे. वर्षानंतर काय, ते सांगता येत नाही. तेव्हा पुन्हा भांडू.

माझी नोकरी अजून लोंबकळतेय. पण आता झोप येते. रागावले होते, तो राग संपला. लोभ दोन्हीकडून असू दे.

तुझी,
बिट्टी

५ मे

चि. बिट्टीस,
अ. उ. आ.

गेल्या आठवड्यात रूमवाल्यांना मीच सांगितलं, हुकावरचे हुकालाच राहू देत. पहिल्या दिवशी त्यांचा विश्वास बसेना, दोघींनी तरी गुपचूप आणलेच. मी परत पाठवले. दुसऱ्या दिवशी काटा उतरला. चांगला उतरला. वहीत आकडा लिहिण्याआधी मी दोनदा वजन करून पाहिलं, हे कोणाला सांगू नकोस.

खिडकीखाली टेबल मांडून दोन शिलाई मशिनं ठेवली आहेत. इस्त्रीवालीला शिवता येत नाही. पहिल्या चादरीला तिने अशी टीप घातली की वाट चुकलेली मुंगी बरी! उसवायला लावली. तिसरी बरी जमली.

आणि गुरुवारी दुपारी धुवायला काही उरलंच नाही. धुलाईची चारही मशिनं बंद. इतक्या वर्षांत भर दिवसा असं कधी झालं नव्हतं. आम्ही सगळ्या उगीच एकमेकींकडे बघत उभ्या राहिलो. तेवढ्यात कोणी तरी गुणगुणत असल्याचं ऐकू आलं. बघतो तर इस्त्रीवाली. टाचण्या दातात धरून, मान खाली घालून, आपल्याच नादात. सात-आठ महिने रोज गात असणार ती, आणि मशिनांच्या घरघरीत आम्हा दहाजणींपैकी एकीलाही माहीत नव्हतं. सूर यथातथाच आहे. तरी कोणी मशीन चालू केलं नाही.

सवड काढून ये, आणि या वेळी सांगून ये.

तुझीच,
आत्या