लढाईआधीच ठोकलेलं पदक

लंडन, जून १७४२

तीर्थरूप डॉर्कसमावशीस, ओबडायाचा (मान अजून जागेवर असल्यामुळे) मान लववून नमस्कार. तुझा खोकला कसा आहे? घंटा ओतायच्या भट्टीचा धूर आणि नॉरिचची हवा मानवते ना? तुझी भाचेसून टॅबिथा ठीक आहे. माझ्याशी बोलत नाही, पण ठीक आहे.

त्याचं असं झालं. मार्चमध्ये आपलं आरमार सांता ब्रिजिदाचा किल्ला घ्यायला गेलं. विजयाची बातमी आली की शहरातले यच्चयावत पदककार साच्यांवर तुटून पडणार, म्हणून मी म्हटलं, आपण आधीच ठोकून ठेवू. (आपण हरू असं मनात आणणं हा देशद्रोहच नाही का?) अ‍ॅडमिरल विझर्लींपुढे गुडघे टेकून तलवार देणारा स्पॅनिश सेनापती कोरला, मागे शिडांची सहा जहाजं, भोवती 'गर्विष्ठांचं गर्वहरण' अशी अक्षरं. टॅबिथा म्हणाली, "अहो, लढाई तरी होऊ द्या!" पण मी ऐकतो कुठला? पितळी पदकं आठवड्यात शहरभर झाली. कुणी टोपीला लावली, कुणी कुत्र्याच्या गळ्यात बांधली.

मे महिन्यात कळलं की आपलं आरमार सपाटून मार खाऊन परत येतंय. ज्यांनी पदकं मिरवली त्यांनीच ती मला परत केली. खिडकीतून, काच न उघडता.

गेल्या मंगळवारी काठी टेकत एक वाळलेले गृहस्थ दुकानात आले. मी म्हटलं, "पदकं संपली."

"मी विझर्ली," ते म्हणाले.

मावशी, मी टेबलाखाली शिरलो असतो, पण तिथे टॅबिथा आधीच होती. त्यांनी फडताळावरचं एक पदक उचलून कितीतरी वेळ न्याहाळलं. "हा गुडघे टेकलेला माणूस मी पाहिलाच नाही हो. तटावरच्या त्याच्या तोफा तेवढ्या दिसल्या." मग हळूच म्हणाले, "एक नेऊ का? आई नव्वदीची आहे, डोळे गेलेत. बोटांनी चाचपते. तिला अजून कुणी सांगितलेलं नाही."

मी सगळ्यांत उठावदार ठसा शोधून दिला. जाताना त्यांनी टोपी काढली. मला! भीती मला नेहमीच वाटते. लाज त्या दिवशी पहिल्यांदा वाटली. पुन्हा असलं काम करणार नाही, अशी बायबलवर हात ठेवून शपथ घेतली आहे.

तुझा आज्ञाधारक भाचा,
ओबडाया थ्रिप

ता. क. सोबतच्या पिंपात लोणचं नाही, पदकं आहेत. तुझ्या भट्टीत वितळवून एखाद्या लांबच्या चर्चची घंटा ओत. बेसूर वाजली तरी चालेल.

ता. क. २. वितळवायची घाई नको. नवे अ‍ॅडमिरल परवाच लढाईला निघाले म्हणे. चेहरा तोच चालेल, नाक तेवढं कानशीने घासायला हवं. टॅबिथाला कळवू नकोस.