आजीला कळलं तर पास

सोमवार, ४

पहिला आला तो ड्रायव्हरच! बेल वाजवायच्या आधीच चपला काढून उभा. फोनवर पासपोर्टच्या फोटोएवढा दिसायचा, खरा माणूस दारातून वाकून आत आला. मग आली चष्म्याच्या दुकानातली. ती फोनवर तोंडच दाखवत नाही, नुसता काळा चौकोन. मला वाटायचं, बिचारीच्या चेहऱ्याला काही झालं असेल. कसलं काय, चांगली देखणी आहे! म्हणाली, "आजी, मी दुकानातून वर्ग ऐकते, मालकाला दिसायला नको."

दोघं माझ्या नातीचे कॉलेजातले सोबती. कॉलेज म्हणजे फोनवरचं. वर्षभर एका वर्गात, नि भेट आज पहिली! आमचे हे म्हणाले, "आमच्या वेळी लग्नं अशी व्हायची." सगळे हसले. मी डोळे वटारले.

नात शाळेपासून आमच्याकडेच, तिच्या आईबापाच्या नोकऱ्या फिरतीच्या. दिवसभर औषधांच्या दुकानात उभी असते. कॉलेजात शिकते दवाखान्यातल्या तपासण्या — रक्त, लघवी असलं. गेल्या खेपेला नापास झाली. फोनवरचं शिकवणं कधीही बघता येतं ना, म्हणून कधीच बघितलं नाही! सगळं साठवून ठेवलं, नि परीक्षा आली तेव्हा डोंगर झालेला. आता परत आपटली तर नाव काढून टाकतील. पास झाली तर दवाखान्यात काम शिकायला घेतील. बोलत नाही काही, पण नखं पार कुरतडलीत पोरीनं.

गुरुवार, ७

पाहुण्यांचं अर्धंच लिहून झोप लागली होती त्या दिवशी. तर ते आले होते आमची रीत बघायला. रीत नातीची, मी आपली त्यात बसलेली. नापास झाल्यावर तिनं ठरवलं, दुकानातून आलं की हातपाय धुवायचे, फोन डब्याला टेकवायचा नि आजचा धडा आजच बघायचा. मग पुस्तक मिटून तो मला सांगायचा. मी शाळेत चौथीपर्यंत गेलेली, तीही रडतरखडत. मला कळलं तर तिला कळलं. नाही तर पुन्हा पहिल्यापासून! मी शेजारच्या खुर्चीत, मांडीवर सोलायला मटार. नुसतं ऐकत बसलं की डुलकी लागते.

ड्रायव्हरला आधी बसवला. गाडी चालवता चालवता ऐकतो तो, आकृत्या कधी बघितल्याच नाहीत. घसा साफ करून म्हणाला, "आजी, मूत्रपिंड म्हणजे चाळणी."

म्हटलं, "बाबा, चाळणीतून बारीक तेवढं सगळंच खाली पडतं. त्यात चांगलंही जात असेल की! ते परत कोण उचलतं?"

चष्मेवाली म्हणाली, "मला वाटलं चांगलं वरच राहतं." तिघांनी फोनवर डोकी घातली. मग नात ओरडली, "पुढच्या नळीत परत शोषून घेतं! अगं, ह्याच प्रश्नाला मी गटांगळी खाल्ली होती!" मला कुठलं उत्तर ठाऊक? पण मटार सगळे संपले त्या नादात, सालंसुद्धा भांड्यात टाकली मी.

रविवार, १०

आज विशेष नाही. गुडघे. नातीनं रक्तातल्या साखरेचं सांगितलं. ह्यांनी चहातला चमचा गुपचूप कमी केला, मी बघितलं!

शुक्रवार, १५

परीक्षा झाली. काय लिहू.

नियम असा की खोलीत एकटंच बसायचं. कॉलेजचा माणूस फोनमधून बघत असतो. मी बाहेर. ह्यांना बजावलं, खोकू नका! खोकला काय, सांगून थांबतो? पण दिवाणावर उशीत तोंड खुपसून बसले बिचारे.

पोर रडतच बाहेर आली. झालं काय — प्रत्येक उत्तराला ती माझ्या रिकाम्या खुर्चीकडे बघत होती, नि ओठ हलवून मला सांगत होती! सवयच लागलेली. तिकडून आवाज आला, "बाजूला कोण आहे?" ही म्हणाली, "कोणी नाही सर, आजीची खुर्ची आहे." आता ह्यावर कोण विश्वास ठेवणार? निकाल रोखून धरलाय. चौकशी होणार.

जेवली नाही. हे म्हणाले, "ती खुर्ची माळ्यावर टाकतो." म्हटलं, "टाका, नि तुम्हीही तिथंच बसा."

मंगळवार, १९

कॉलेजच्या मॅडमचा फोन आला, तोंड दिसतं तो. मला बोलावलं. मी केसांवरून हात फिरवून बसले. "आजी, तुम्ही हिला उत्तरं सांगितलीत का?"

म्हटलं, "बाई, मला उत्तरं आली असती तर हिचा जीव कशाला खाल्ला असता रोज? मला नुसते प्रश्न येतात."

हसल्या. मग म्हणाल्या, "तुम्ही आता बाहेर बसा." आणि नातीला एकामागून एक विचारत सुटल्या. मी दाराआडून ऐकलं. हो, ऐकलं! कुठं अडखळली नाही पोर. मध्येच मॅडम म्हणाल्या, "थांब, हे पुन्हा सांग. मला असं कुणी सांगितलं नव्हतं."

बुधवार, २७

पास! पास! पास!

ड्रायव्हर पास, चष्मेवाली पास. ह्यांनी समोरच्या बिऱ्हाडात जाऊन सांगितलं. ते म्हणे कुठली परीक्षा? तर हे तिथंच मूत्रपिंड समजावत बसले.

गुरुवार, २८

संध्याकाळी दोघं येऊन गेले. नातीला दवाखान्यातून बोलावणं आलंय. पण दवाखाना इथला नाही — अख्ख्या दिवसाच्या प्रवासावर आहे. वर्षभर तिथंच राहायचं. नात माझ्याकडे बघत राहिली. म्हटलं, "बघतेस काय? जा!" जाताना ड्रायव्हर म्हणाला, "आजी, रविवारी सकाळी परत येतो." गाडी घेऊन येणार आहेत. तिचं सामान न्यायला.