बिस्किटांचा डबा

बाबा,

तुम्ही झोपेत असतानाच चिंगीला ऑपरेशनला घेऊन निघालेय, रागावू नका. एवढंसं मांजर, त्यात हृदय नाजूक, म्हणून नसबंदी आज-उद्या करत आपण टाळत राहिलो. आता गर्भाशयात पू झालाय. डॉक्टर म्हणतात, भूल देण्यात धोका आहेच, पण थांबलात तर ती जाईलच.

मागच्या खेपेला तिला उपाशीपोटी न्यायचं होतं, तर तुम्ही दया येऊन दूध पाजलंत. तुमच्या स्वतःच्या हृदयाच्या ऑपरेशनच्या सकाळीही बिस्किटं ‘चुकून’ खाल्लीत. दोघांपायी माझा जीव टांगणीला लागलाय हो.

तिच्यासाठी संमतीची सही मी करीन. तुमची तुम्हालाच करावी लागेल. तुमच्या ऑपरेशनची नवी तारीख उद्याची आहे. पाया पडते, बाबा.

बिस्किटांचा डबा मी सोबत नेतेय.

धाकटी