तळ्यात बुडालेला कोरडा नवरदेव

आदरणीय नासरुल दादा,

अस्सलामु अलैकुम. तुमचे गुडघे कुरकुर न करोत, वहिनींची साखर ताब्यात राहो आणि जाकार्तातल्या तुमच्या खानावळीत गिऱ्हाइकांची रीघ असो, ही दुआ. आमच्याकडे सगळं क्षेमकुशल आहे. म्हणजे कुणी मेलेलं नाही. बाकीचं खाली लिहितो. फोनवरच सांगितलं असतं, पण तुम्ही मला दुसऱ्या वाक्याला अडवता आणि तिसऱ्याला ‘गिऱ्हाईक आलंय’ म्हणून फोन ठेवता. म्हणून हे पत्र बसवाल्याच्या हाती देतोय. कृपा करून बसून वाचा.

तर आपल्या भाचीचं, देस्मीचं लग्न. (झालेलं नाही. घाबरू नका. म्हणजे घाबरा, पण बसून.) खानावळ सोडून येता येत नाही म्हणालात आणि स्वतःच्या जागी ती काळी पेटी पाठवलीत. नवरदेवाला आणायला जाणाऱ्या गाडीत ठेव, म्हणजे गाडी कुठं पोचली ते तुला तिथं आणि मला इथं मोबाईलवर दिसेल, असं तुमचं फर्मान. मी ठेवली. ड्रायव्हर सामसिरनं तेव्हाच नाक मुरडलं होतं. आपल्या दरीत दोन्ही बाजूंनी कडे असे उभे की वर आभाळाची नुसती चिंधी दिसते, तिथं या पेटीला उपग्रह दिसणार कुठून? आणि नाही दिसला की ती गप्प बसत नाही, अंदाज ठोकते, माझ्या बायकोसारखी, असं तो म्हणाला. (बायको त्याच्या मागेच उभी होती. ते प्रकरण अजून मिटलेलं नाही.) पण मोठ्या भावानं पाठवलेल्या वस्तूवर अविश्वास दाखवायचा तरी कसा?

सकाळी रुस्ना मावशी विड्याचं तबक घेऊन, सोबत चार बायका घेऊन, तळ्यापलीकडे नवरदेवाला, यास्रिलला आणायला गेली. मी इकडं पायऱ्यांशी. माझा स्वभाव तुम्हाला ठाऊक आहे. आपली बहीण गेल्यापासून या पोरीच्या बाबतीत काही उणं राहू नये म्हणून माझा जीव सदा टांगणीला. त्यातून तिचे वडील निकाह लावून देणारे वली म्हणून मशिदीत जाऊन बसलेले, म्हणजे दारात उभं राहून नवरदेवाला आत घ्यायचं ते आपलं, मामांचं काम. मामा दारात नसला तर नवरदेव पायरी चढत नाही, हे मी तुम्हाला काय सांगू? दोन मामांपैकी एक जाकार्तात. उरलो मी एकटा. उतावळा नवरा गुडघ्याला बाशिंग म्हणतात, इथं नवऱ्याच्या आधी मामाच गुडघ्याला बाशिंग बांधून बसलेला होता.

मोबाईलवरचा ठिपका आधी शहाण्यासारखा रस्त्यानं चालला. मग दरी लागली आणि त्याला काय झालं कोण जाणे, त्यानं रस्ता सोडला आणि थेट मारापीवर चढायला लागला. ज्वालामुखीवर, दादा! विड्याचं तबक घेऊन! मी मावशीला फोन लावला, तर त्या दरीत कधी लागतो का फोन? ठिपका डोंगरावर थोडा वेळ बसला, विचार केल्यासारखा थांबला, आणि उडी मारून सिंकाराक तळ्याच्या मधोमध जाऊन पडला. तिथं तो हलेचना. माझी पाचावर धारण बसली.

आणि तेवढ्यात तुमचा फोन. आता तुम्ही म्हणाल, मी फक्त ‘जरा बघून ये’ म्हणालो होतो. नाही दादा. तुम्ही ‘अरे बाहार, पोरगा बुडाला, उभा काय राहिलास गाढवा!’ असं ओरडलात, आणि ते अख्ख्या मांडवानं ऐकलं, कारण जेवण कधी लावायचं ते आचाऱ्याला कळायला हवं आणि त्याला नीट ऐकू येत नाही, म्हणून माझा फोन मोठ्या आवाजावर होता. आचाऱ्यानं रेंदांगच्या कढईतला झारा तसाच सोडला. मांडवातले झाडून सगळे पुरुष, दोर, बांबू आणि कुणाची तरी गाद्या बांधायची रस्सी घेऊन आम्ही दोन गाड्यांत कोंबून निघालो.

यापुढचं दोनदा खोडून लिहिलंय. तळ्याच्या वाटेवर समोरून एक फुलांनी सजवलेली गाडी आली. भोंगा वाजवत आली. आतून एक म्हातारी दोन्ही हात हलवत होती. आमच्या गाडीतले सगळे माझ्या मांडीवरच्या मोबाईलवर ओणवे झालेले, आणि गाडी चालवणारा शेजाऱ्यांचा नवा जावई, त्याला आपलं कोण नि परकं कोण, काय माहीत? मी मान वर न करता म्हणालो, ‘बाजूला घे रे, कुणाची तरी वरात आहे.’ दादा, ती आपलीच होती. काखेत कळसा आणि गावाला वळसा म्हणतात, मी तर कळशाला वाट करून दिली.

तळ्यावर मी कमरेएवढ्या पाण्यात उतरून यास्रिलच्या नावानं हाका मारल्या. बिलीह मासे धरणारे कोळी होड्या थांबवून बघत होते. त्यातला एक म्हणाला, ‘काका, नवरदेव केवढा आहे? आमच्या जाळ्यात बोटाएवढीच मासळी येते.’ बाकीचे इतके हसले की एकाची होडी कलली. तेवढ्यात ठिपक्यानं पुन्हा उडी मारली आणि आपल्या मशिदीच्या घुमटावर जाऊन बसला. मग माझा मोबाईलच पाण्यात पडला.

घरी आलो तर अंगणात सामसूम. यास्रिल येऊन गेला होता. छत्रीखाली, मखमली कपड्यांत, पायरीशी उभा राहिला. वर बायका, पुरुष एकही नाही, मामा तर नाहीच. रुस्ना मावशीनं हातापाया पडून पाहिलं. पण त्याचे मामा, दातुक साती, रीतभातीचे पक्के. आत न घेतलेला नवरदेव उन्हात किती ताटकळत ठेवायचा? त्यांनी पोराला गाडीत बसवलं आणि परत नेलं.

आणि देस्मी. मला लागेल असा एक शब्दही ती बोलली नाही. डोक्यावरचा सोनेरी मुकुट स्वतःच्या हातानं उतरवला, तोंड धुतलं आणि म्हणाली, ‘मामा, एकदा खिडकीबाहेर तरी बघायचं.’ मग मोटारसायकल काढून दवाखान्यात कामावर गेली. मी मागच्या पायऱ्यांवर बसून लहान पोरासारखा रडलो. हे वहिनींना सांगू नका.

आता दातुक सातींचा निरोप आलाय. येत्या शुक्रवारी नवरदेवाला नव्यानं न्यायला या, पण थोरल्या मामांनी जातीनं यायला हवं. ज्यांना जाकार्तातून आमचा पोर बुडालेला दिसला, त्यांनी तो कोरडा आहे हे हात लावून बघावं, असं त्यांनी म्हटलंय. नाही आलात तर हे लग्न मोडलं समजा. दादा, नाव आपल्या घराण्याचं जातंय. पुढं काय करायचं ते तुमच्यासारख्या जाणत्याला मी काय सांगणार?

वहिनींना सलाम, मुलांना आशीर्वाद.

तुमचा पाठचा,
बाहार

ता. क. बसनं येऊ नका, गुडघे धरतील. विमानानं या. पादांगच्या विमानतळावर मी काळी छत्री घेऊन दाराशी उभा असेन. मला मोबाईलवर शोधू नका, दाराशी शोधा.

ता. क. पेटी परत पाठवत नाही. सामसिरनं ती आपल्या बोकडाच्या गळ्यात बांधली आहे. तुमच्या मोबाईलवर ठिपका पुन्हा तळ्यात दिसला तर कृपा करून फोन करू नका.

ता. क. पाकीट बंद करताना राहवत नाही, म्हणून खरं ते लिहितो. दातुक सातींनी असली काही अट घातलेली नाही. तळ्याची हकीकत ऐकून ते डोळे पुसेपर्यंत हसले, आणि शुक्रवारी कुणीही या, चहा पिऊन घेऊन जा, म्हणाले. अट देस्मीची आहे. परक्याचा टोमणा तुम्हाला झोंबेल आणि तुम्ही निघाल, भाचीचं बोलावणं मात्र नेहमीसारखं पुढं ढकलाल, म्हणून मी ती त्यांच्या तोंडी घातली. ती म्हणते, आई गेली तेव्हाही थोरले मामा मोबाईलवरच होते. आता तरी दारात हवेत.