गोठ्यातली धिंगरी

प्रिय हेस्टर,

तुझी फुलं पोचली. शेवटी शेवटी लूसियनला फुलांचा वाससुद्धा सोसत नव्हता; पण ते तुला कसं ठाऊक असणार? तू फिरकलीच नाहीस.

इकडे बर्फ वितळून वाटेचा चिखल झालाय. गोठा रिकामा आहे. गाई विकल्या तेव्हा लूसियन कितीतरी दिवस कुणाशी धड बोलत नव्हता. मग तू विद्यापीठाची गाडी घेऊन आलीस. बायकोची शाळेतली मैत्रीण, म्हणून त्यानं ऐकून तरी घेतलं. "गोठ्यात अळिंबी? मास्तरीणबाई, माझ्या गाई हसतील हो!" असं म्हणाला, पण तुझ्या प्रशिक्षणाला पहिल्या बाकावर जाऊन बसला.

पहिल्या हिवाळ्यात बाहेर तळं दगडासारखं गोठलेलं आणि आत भुशाच्या पिशव्यांतून धिंगरी अळिंबीचे गुच्छ फुटलेले. बाळ दाखवावं तसा तो मला हाताला धरून दाखवायला न्यायचा. "झरोके बंद करा, प्लास्टिक लावा, ऊब गेली की पीक गेलं," हे तुझंच सांगणं. त्यानं एक फट ठेवली नाही. सरपण वाचलं, पीक आलं, तुझ्या माहितीपुस्तिकेवर त्याचा हसरा फोटो आला.

दुसऱ्या हिवाळ्यात खोकला लागला. तुला सांगितलं तर म्हणालीस, "वर्मोंटात थंडीत खोकत नाही असा एक माणूस दाखव मला." मीही हसले. पुढे तो जिन्यात मध्येच बसायला लागला आणि बुटाची नाडी बांधतोय असं दाखवायला लागला. डॉक्टरांनी सांगितलं, धिंगरीतून उडणारी बारीक धूळ बंद खोलीत रोज छातीत जात राहिली, फुप्फुसं राठ झाली.

त्याच दिवशी मी तुझ्याकडे आले होते. विद्यापीठातल्या तुझ्या अळिंबी वाढवायच्या खोलीच्या दाराशी मुखपट्ट्या टांगलेल्या होत्या, भिंतीत मोठे पंखे घरघरत होते. मी त्यांच्याकडे बोट दाखवलं. तू खाली मान घालून म्हणालीस, "शेतकऱ्यांना आधीच घाबरवलं, तर येईल कोण गं?" लूसियन बाहेर गाडीत बसला होता. त्याला मी सांगितलं, हेस्टर भेटली नाही. त्याला तुझं फार कौतुक होतं. मरेपर्यंत राहिलं.

हे सगळं मी गिळून बसणार होते. पण काल नोएला जेवताना म्हणाली, "आई, हेस्टरमावशीच्या वर्गात नाव घातलंय. बाबांचा गोठा मी चालवणार." ओरडले, रडले. ती ऐकणार नाही, बापावर गेलीय. तिला खरं काय ते मी आज सांगेन. पण वर्गाच्या पहिल्या दिवशी, सगळ्यांसमोर, तिच्या बापाचं नाव घेऊन ते तू सांगायचंस. मी मागच्या बाकावर बसलेली असेन.

तुझीच म्हणायची सवय अजून सुटलेली नाही, म्हणून तुझीच,
म्युरियल