मांडव बोलता झाला तो दिवस

आबा,

तुम्हाला जाऊन आता इतकी वर्षं झाली की तुमचा आवाज आठवायला मला थोडं थांबावं लागतं. एकच वाक्य मात्र न थांबता ऐकू येतं, "आवं पावणं, असं कडंला का? या की हिकडं, मधी बसा." आपल्या कुंडल गावात कुणाच्याही घरी लग्न निघालं की तुम्हाला बोलावणं यायचंच. सैपाकाला आचारी, वाजवायला बँडवाले आणि पाहुण्यांकडे बघायला तुम्ही. पलटणीतून पेन्शनीत आलेला माणूस हुकूम सोडेल असं वाटावं, पण तुम्ही उकिडवे बसून पाहुण्याला गाव विचारायचात, विहीर विचारायचात, बैल कुठल्या बाजारातून आणले ते विचारायचात. बोलता बोलता धागा सापडला की त्याचा हात धरून दुसऱ्या कुणा अनोळखी पाहुण्याशेजारी नेऊन बसवायचात. "ह्यांच्या बी हिरीला खडक लागलाय. बोला दोघं." आणि स्वतः पुढच्याकडे. मी एकदा विचारलं होतं, हे कशाला करता म्हणून. तुम्ही म्हणालात, "परक्या मांडवात माणूस लय एकटं असतं, बाय."

मग एकाहत्तरच्या लढाईत फौजेतला माझा दादा गेला. माझं लग्न त्याच्याच शेवटच्या सुट्टीत ठरलेलं. साताऱ्याचं स्थळ त्यानंच बघितलं होतं. भावकीतले लोक येऊन सांगून गेले, वर्षाच्या आत उरका, न्हाईतर तीन वर्सं थांबावं लागंल. आई म्हणाली, "माज्या दारात मांडव पडायचा न्हाई." तुम्ही वाद घातला नाहीत. संध्याकाळी चुलीपाशी येऊन तिच्याजवळ बसलात. मी पीठ मळतेय. तुम्ही हळूच म्हणता, "त्यानंच जमवलंय हे लगीन. मोडायचं का?" आई तव्यावरची भाकरी उलटत नाही. भाकरी करपते, घरभर धूर होतो, तरी तुम्ही दोघं तशीच बसून. सकाळी उठून आई हळद दळायला बसली, तेव्हा मला कळलं की लग्न होणार.

वैशाखात साताऱ्याची माणसं ट्रकमधून आली. मी आतल्या खोलीच्या खिडकीतून बघत होते. इतका गप्प मांडव मी पुन्हा कधी पाहिला नाही. त्यांची माणसं एका बाजूला, आपली दुसऱ्या बाजूला, सगळ्यांच्या माना खाली. हसावं की सांत्वन करावं, कुणालाच समजत नव्हतं. पाण्याचा तांब्यासुद्धा लोक आवाज न करता खाली ठेवत होते. बँडवाले वाद्यं मांडीवर घेऊन बसलेले. तुम्ही त्यांच्यापुढे जाऊन उभे राहिलात. "वाजवा की रं, लगीन हाय." त्यांचा म्होरक्या म्हणाला, "आबा, कसं वाजवू?" तुम्ही म्हणालात, "जोरात."

मग तुम्ही कामाला लागलात. माझ्या चुलतसासऱ्यांना पलूसच्या मामांशेजारी बसवलंत, दोघांना उसावर बोलायला लावलंत. बायकांकडे येऊन माझ्या सासूबाईंना म्हणालात, "ईनबाई, आमच्या मंडळीस्नी बोलतं करा, माझं त्या ऐकत न्हाईत." आणि खरंच, त्या उठून आईजवळ जाऊन बसल्या. पण मांडवाच्या बाहेर, लिंबाखाली, एक जण तसाच उभा होता. दादाच्याच पलटणीतला, लढाईत त्याच्या जवळ असलेला त्याचा दोस्त. रजा काढून आला होता आणि आत यायचं धाडस होत नव्हतं. त्याच्याकडे बघायचंही लोक टाळत होते. तुम्ही गेलात, त्याच्याशी काय बोललात ते मला ऐकू आलं नाही. त्याच्या खांद्यावर हात ठेवून तुम्ही त्याला आत आणलंत, आपल्या घरच्या माणसांत बसवलंत.

अक्षता पडल्या. कानपिळीची वेळ आली आणि भटजी सवयीनं बोलून गेले, "नवरीच्या भावाला बोलवा." बोलले आणि थबकले. बँड थांबला. आईनं पदर तोंडात कोंबला. मुंडावळ्यांच्या आडून मला तुमचे फक्त पाय दिसत होते. ते पाय हलले. त्या दोस्ताला हाताला धरून तुम्ही बोहल्यापाशी आणलंत. "हा हाय की भाऊ. पीळ रं कान." त्यानं नवऱ्याच्या कानाला बोटं नुसती लावली. तुम्ही मोठ्यानं म्हणालात, "आरं, पलटणीतला गडी न् असा कान पिळतूस व्हय? जावई उद्या माझ्या पोरीचं ऐकायचा न्हाई!" कुणीतरी हसलं. मग सगळा मांडव हसला, हसता हसता रडला. त्यानंतर लोक मोकळे झाले. पंगतीत साताऱ्याचे आपल्यांना आग्रह करत होते, दादाचं नावसुद्धा लोक उघडपणे घेऊ लागले, त्याच्या खोड्या सांगू लागले.

पुढचं मला आईनं सांगितलं, तुम्ही गेल्यावर. माझी पाठवणी झाली, पाहुणे पांगले, आणि उन्हं कलताना तुम्ही रिकाम्या मांडवात एकटेच बसला होतात. दिवसभर तुमच्या पोटात काही नव्हतं. आई ताट घेऊन आली. तुम्ही त्याला हात लावला नाहीत. तिला विचारलंत, "पोराला लगनाला सुट्टी मिळाली असती का गं?" आई म्हणाली, "मिळाली असती की." मग दोघं एका ताटात जेवलात. पुढच्या सुगीला तुम्ही गेलात. दुखणं असं काही नव्हतं. दिवसकार्याला आलेली माणसं भिंतीकडेनं गप्प बसून होती आणि त्यांना उठवून मधे बसवायला कुणी नव्हतं.

हा कागद कुठं धाडायचा नाही, हे मला कळतं. तरी एक सांगायचं राहिलंय. तो दोस्त दर भाऊबीजेला साताऱ्याला येतो. आता काठी टेकत येतो. मी त्याला दोनदा ओवाळते, एकदा त्याच्यासाठी आणि एकदा दादासाठी. त्याला मी हे कधी सांगितलेलं नाही. त्याला वाटतं, कुंडलकडची रीतच तशी असेल.