उडताना पाय कुठे ठेवायचे

९ नोव्हेंबर
सोनलचा मस्कतहून फोन. आम्हा दोघांची तिकिटं काढली म्हणे, जानेवारीची. पहिलं बाळंतपण, रीतीप्रमाणे माहेरी व्हायचं. पोरीला येता येत नाही तर माहेरानेच तिकडे जायचं, असं मायलेकींचं आधीच ठरलेलं दिसतं. नंदा फोनवर हसली, रडली, मग जावयाला विचारत बसली की तिकडे बाळंतशेपा मिळतात का. मी म्हणालो, माझा गुडघा दुखतो. कोणी लक्ष दिलं नाही.
मस्कतला रेल्वे जात नाही.

१० नोव्हें.
सकाळी चहा देताना नं. म्हणते, "आवो, गुडघ्याला काय झालंय? परवा तर आंब्यावर चढला व्हता." काय सांगणार.
उभी नोकरी घाटात गेली. रेल्वेत गँगमन. पळसदरी ते ठाकुरवाडी, एका अंगाला डोंगर, दुसऱ्या अंगाला दरी. पावसात, धुक्यात, कधी चक्कर आली नाही. पण तिथे पायाखाली खडी होती. वि.मध्ये पायाखाली काय? (पुरा शब्द लिहवत नाही, इथवर मजल गेली आहे.) लहानपणी काही झालं वगैरे नाही. घाबरतो, बस.

१४ नोव्हें.
नं. अंगणवाडीत पोरांना गोष्टी सांगते, आता मला सांगायला लागली. जेवणं झाली की भांडी घासता घासता. आजची गोष्ट: ठाकुरवाडीच्या वर सावरीचं झाड. बोंड फुटलं, सगळ्या म्हाताऱ्या कापूस पसरून वाऱ्यावर निघून गेल्या. एक मात्र बोंडाला घट्ट धरून बसली. वारा म्हणतो, चल. ती म्हणते, माझा गुडघा दुखतो.
मी म्हणालो, कळतंय मला कोणाबद्दल चाललंय ते. म्हणाली, गप ऐका.
पुढे काय झालं ते सांगितलंच नाही. भांडी संपली.

२१ नोव्हें.
आज बगळ्याचं पिल्लू. त्याला पंख मारता येतात, सगळं येतं, पण एक शंका आहे. उडताना पाय कुठे ठेवायचे? आई म्हणते, मागं ठेवायचे. पिल्लू म्हणतं, मग पायाला जमीन कशी लागणार?
"जमीन इसरायला कोन सांगतंय? पाय तेवढे मागं ठेवायचे."
नं.चा आवाज गोष्ट सांगताना वेगळाच होतो. लहान पोरासारखा ऐकत बसलो, लाज वाटली.

२२ नोव्हें.
मुद्दाम शेताकडे गेलो. भात कापून झालंय, बगळे होते. खरंच, उडाले की पाय सरळ मागे. जन्म इथे गेला, कधी पाहिलं नव्हतं.

२९ नोव्हें.
बॅग आणली, लाल. खालापूरला दुसरा रंगच नव्हता. नं. म्हणाली, मी खिडकीशी बसणार, तुमी मधे डोळे मिटून बसा. जाऊ म्हणालो. म्हणालो खरं, आणि रात्रभरात शब्द मागे घेतला नाही. तिला बरं वाटलं. अजून दोनतीन गोष्टी लागतील म्हणाली.

४ डिसेंबर
नंदा गेली. पहाटे छातीत कळ आली. रिक्षाने पनवेलला नेत होतो, रस्त्यातच. माझ्या मांडीवर डोकं होतं. पाणी मागितलं. मी पाणी घेतलं नव्हतं.

७ डिसें.
सोनल येऊ शकत नाही. आठवा संपत आलाय, डॉक्टर नको म्हणतात. तिने आईला त्या दिवशी मोबाईलवरच पाहिलं. मोबाईल वसंताने धरला होता. वसंता म्हणजे नं.चा धाकटा भाऊ, कुंभिवलीचा. त्याचा हात इतका हलत होता की सोनल सारखी म्हणत होती, मामा नीट धर, दिसत नाही.

१३ डिसें.
दहावा. नदीवर पिंड ठेवले. समोरच्या उंबरावर कावळे होते, ओरडत होते, पण खाली एकही येईना. वसंता हात जोडून म्हणाला, "ताई, सोनीच्या बाळंतपनाचं आमी बगू, तू घोर करू नको." नाही आला. लताबाई, तिच्या अंगणवाडीतली मदतनीस, म्हणाल्या पोरांकडे लक्ष देईन. नाही. वसंताच्या बायकोने सांगितलं, तुमच्या बांगड्या सोनलला पोचवू. तरी नाही.
मग सगळे माझ्याकडे बघायला लागले. काय बोलायचं ते मला माहीत होतं. मी जाईन, एवढंच. मी म्हणालो, तुळशीला पाणी घालीन. म्हणालो, वसंताकडे येत जात राहीन. ते दोन शब्द तेवढे म्हणालो नाही. तिथे खोटं बोलता येत नाही.
ऊन चढलं. शेवटी भटजींनी दर्भाचा कावळा करून पिंडाला लावला, झालं म्हणाले. परत येताना वसंता टेंपो चालवता चालवता म्हणाला, "भावोजी, कायतरी ऱ्हायलंय तिचं." मी हो म्हणालो.

१७ डिसें.
तेरावं झालं. घर रिकामं. भांडी मीच घासतो. चारच असतात, लवकर संपतात.
सकाळी हाक मारली तिला. आंघोळीचं पाणी तापलं का म्हणून. सवयीने.

१९ डिसें.
जावई रोहितचा फोन. आईंचं तिकीट रद्द केलं, तुमचं राहू देतो म्हणाला. मी म्हणालो, बाळंतपणात पुरुषाचं काय काम. शिवाय चुलतभाऊ सांगत होता, घरातलं माणूस गेलं की वर्षभर समुद्र ओलांडू नये. हे त्याने सांगितलं तेव्हा मला किती बरं वाटलं होतं, ते मी कोणाला सांगणार नाही.
मग सोनलने फोन घेतला. "आप्पा, तुम्ही नुसते येऊन बसा. मला काही करून नको." मी परत गुडघा काढला. ती मग म्हणाली, बरं.
त्या 'बरं'ने जेवण गेलं नाही.

२६ डिसें.
लताबाईंचा निरोप होता, बाईंची चप्पल, छत्री, कप पडलाय, घेऊन जा. गेलो. पोरांनी घेरलं. मी म्हणालो मला गोष्टी येत नाहीत. तर दोन वेण्यांची एक मुलगी, तनू, म्हणते, "बाईंची अर्दीच ऱ्हायलीय. बगळ्याची." विचारलं, शेवट काय सांगितला बाईंनी? मला खरंच हवा होता. तर सगळी एकदम ओरडली, बाई शेवट सांगायच्याच नाहीत, आमालाच विचारायच्या.
मग एकेकाचा शेवट. एकाचं पिल्लू मोरबे धरणावर जाऊन पोटभर मासे खाऊन आलं. एकाचं ढगात हरवलं आणि दुसऱ्या गावी शाळेत गेलं. तनू म्हणाली, "माजं गेलंच नाय. आई येल म्हनून घरट्यात बसलंय."
मग? म्हटलं.
"मग काय. आई नाय आली."
उठून बाहेर आलो. हातपंपाशी उभा राहून रडलो. दहाव्याला रडलो नव्हतो.

२ जानेवारी
आपणहून अंगणवाडीत गेलो. सांगून बघू म्हटलं. पिल्लू धरणाच्या काठावर, पलीकडे त्याची बहीण आजारी. उडवलं. अर्ध्या पाण्यावर नेलं आणि भीती वाटली म्हणून परत फिरवलं. पोरं चिडली. परत नाय फिरवायचं, बाई कदी परत फिरवायच्या नाय. कोणी ऐकेना. झक मारत पुढे न्यावं लागलं.
आता वरून कसं दिसतं ते मला काय ठाऊक. मग घाटातलं सांगितलं. ठाकुरवाडीच्या वरून खाली कर्जत कसं दिसतं, दिवे कसे लागतात. नंतर धुकं आलं, इतकं की पिल्लाला स्वतःचे पाय दिसेनात. ते मी पाहिलंय. पावसाळ्यात हातातला कंदील दिसायचा, त्याच्या खालचे पाय नाही. चालायचो तसाच. खाली खडी आहे हे धरून चालायचं. बोलता बोलता थांबलो. पोरांना वाटलं विसरलो.
पलीकडे पोचवलं पिल्लाला. तनू म्हणाली, बहीन बरी झाली का? म्हणालो, ते तू सांग. नं.सारखं.

३ जाने.
काल निघताना लताबाईंनी सांगितलं ते काल लिहिता आलं नाही.
म्हणाल्या, बाई तुमच्याहून जास्ती घाबरायच्या. जत्रेतल्या पाळण्यात कधी बसल्या नाहीत, तिकिटं आली तेव्हापासून झोप नव्हती. "मला म्हनल्या, यांना सांगू नको लता. मी घाबरते ते कळलं तर आमी दोगंबी घरीच बसू. गोष्ट सांगते तेवढा येळ मला भीती वाटत नाय."
म्हणजे ती सावरीची म्हातारी मी एकटा नव्हतो. मी गुडघा गुडघा करत बसलो आणि सगळी भीती माझी एकट्याची म्हणून मिरवली. कधी विचारलं नाही, तुला गं? एकदाही नाही. संसार सगळा झाला आमचा. मला रोज गोष्ट मिळाली, तिला कोणी सांगितली?
तू सांगितलं असतंस तर मी रागावलो असतो का गं.

८ जाने.
सोनलला हॉस्पिटलात ठेवलंय. बीपी वाढलंय, पाय सुजलेत. रोहितची कामाची पाळी असते तेव्हा ती एकटी. त्याची आई जाणार होती, ती परवा पाय मोडून घेऊन गावीच बसली आहे. वसंता म्हणाला मी जातो भावोजी, पण त्याचा पासपोर्टच नाही. माझा आहे. नंदाने काढायला लावला होता, मागे लागून, पनवेलला फोटो काढायला नेऊन. त्या फोटोत मी फाशीला चाललोय असा दिसतो.

११ जाने.
संध्याकाळी सोनलचा फोन. हॉस्पिटलातून, हळू आवाजात. "आप्पा, मला खूप भीती वाटतेय." माझी पोर असं कधी बोललेली नाही. घाटात मालगाडी घसरली होती तेव्हा शाळेतून एकटी चालत आली होती.
 घाबरू नको म्हणणार होतो. पण तसं म्हटलं नाही. म्हटलं, मला पण वाटते, लय वाटते, तुझ्या आईला पण वाटायची. ती रडायला लागली, मी पण. मग सांगायला सुरुवात केली. सावरीची म्हातारी. बोंड धरून बसलेली. ती म्हणाली, आप्पा ही आईची आहे ना. हो म्हटलं. वारा रोज येऊन नुसता शेजारी बसायचा, असं सांगितलं. हे नं.ने सांगितलं नव्हतं, माझं मीच घातलं. चल म्हणायचा नाही. बसायचा.
सांगता सांगता पलीकडून उत्तर येईना. नर्सबाईंनी फोन घेतला, झोपल्या म्हणाल्या.
रोहितला लगेच मेसेज केला. तिकीट ठेव. येतोय.

१६ जाने.
लाल बॅग भरली. डिंकाचे लाडू लताबाईंनी केले, मी डिंक फोडून दिला. हळीव, सुंठ, ओवा, बाळंतशेपा. नं.च्या दोन जुन्या मऊ साड्या, दुपट्यांसाठी. फाडवेना. तशाच ठेवल्या, सोनल बघेल काय ते.
चुलतभाऊ येऊन गेला, वर्षाच्या आत समुद्र नको म्हणून. मी म्हणालो, मी जाणार. मोठ्याने म्हणालो. घरात कोणी नव्हतं त्याच्याशिवाय, तरी.
काल रात्री नीट झोप नाही. वाईट स्वप्नं. सकाळी वसंताला फोन करून सोडायला येऊ नको, जात नाही म्हणणार होतो, दोनदा उचलला. केला नाही.

२० जाने.
विमानात बसून लिहितोय, अक्षर हलतंय. अजून जमिनीवरच आहे.
विमानतळाकडे निघताना रोहितचा फोन आला. बीपी उतरत नाही, आजच ऑपरेशन करायचं ठरलं. सोनलशी बोलायला दिलं. मी म्हटलं, निघालोय. म्हणाली, आप्पा, तुम्ही खरंच निघालात? विश्वास बसत नव्हता पोरीला. मग आत नेलं तिला.
वसंता दारापर्यंतच आला, पुढे सोडत नाहीत. त्याने वाकून पाया पडायच्या ऐवजी मिठीच मारली. पोलिसाने पुढे व्हा म्हटलं. मग एकटाच. लोकांना विचारत विचारत. विमानातल्या गणवेशातल्या एका पोरीने पट्टा बांधून दिला.
खिडकीशी एक बाई आहेत, मस्कतला त्यांचा मुलगा असतो. त्या आधीच झोपल्या. मी मधे. डोळे मिटून बघितले, जमलं नाही, उघडे बरे.  भीती गेलेली नाही, गोष्टींनी जाते असं कोण म्हणतं. ती शेजारी बसलेली आहे. फक्त आज तिच्यापुढे दुसरी एक भीती आहे, पोरीची, तिने हिला मागे सारलंय.
दार लावलं. रोहितला तीनदा फोन लावला, उचलत नाही. आत असेल. किंवा काय ते.
ती मुलगी परत आली, मोबाईल बंद करा म्हणाली. म्हटलं, माझी पोर ऑपरेशनला आहे. ती पुढच्या रांगेकडे गेली, परत येईल. रोहितचा काही निरोप आलाय का एकदा बघतो आणि बंद करतो.